चौऱ्याऐंशी वर्षांची उमेद

गेल्या महिन्यात, २८ सप्टेंबरला, दुबईत आशिया चषकाचा अंतिम सामना झाला. भारताने पाकिस्तानला पाच गडी राखून हरवलं. दुसऱ्या दिवशी सोमवार. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये पेढ्यांचा पुडा आला. मी एक पेढा खाल्ला आणि दुसऱ्याला हात घातला, तेवढ्यात एका सहकाऱ्याने हसत हसत विचारलं, "काय सर, काल कुणाकडून होता?"

विचारणारा माणूस वाईट नाही. माझी अम्मी आजारी पडली तेव्हा रात्री साडेअकरा वाजता यानेच आपली गाडी काढली होती. त्याने गंमत केली, बाकीचे हसले, मीही हसलो. पण वीस वर्षं नोकरी केल्यावर, मराठीच्या तासाला मुलांना तुकाराम शिकवल्यावर आणि उर्दूच्या तासाला गालिब शिकवल्यावर हा प्रश्न गमतीतसुद्धा फक्त मलाच विचारला जातो, हे लक्षात आल्याशिवाय राहत नाही.

मी म्हटलं, "मी महाराष्ट्राकडून. पंधरा तारखेपासून आमची मॅच आहे, केरळबरोबर."

तो गोंधळला. "महाराष्ट्राची टीम असते?"

असते. आणि मी तिच्याकडून आहे. लहानपणापासून आहे. ही टीम जिंकत नाही, तरी आहे. परवा बुधवारी रणजी करंडकाचा नवा हंगाम सुरू होतोय. त्यानिमित्ताने या संघाची गोष्ट वाचकांना सांगावी असं वाटलं. गोष्ट क्रिकेटचीच आहे, पण ती आपण कुठले आणि कुणाचे, या प्रश्नाशीही येऊन भिडते.

आधी एक घोळ दूर करतो. आपल्या राज्यातून रणजी करंडकात एक नाही, तीन संघ उतरतात. मुंबई आणि तिच्या आसपासच्या भागाचा मुंबई संघ. नागपूरसह अकरा जिल्ह्यांचा विदर्भ संघ. आणि उरलेल्याचा, म्हणजे पुणे, सोलापूर, सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर, नाशिक, मराठवाडा, खानदेश अशा सगळ्या पसाऱ्याचा 'महाराष्ट्र'. बारामती आणि इंदापूर या तिसऱ्या घरातले. मुंबईने रणजी करंडक ४२ वेळा जिंकला आहे. विदर्भाने तीनदा, आणि तोही सगळा २०१८ पासून. महाराष्ट्राने दोनदा. त्यातला शेवटचा १९४०-४१ च्या हंगामात. म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षं झाली. महाराष्ट्राला जिंकताना पाहिलेला माणूस आज शोधूनही सापडणं कठीण.

मला हा संघ अब्बांकडून मिळाला. ते बारामतीच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. घरी यायचे तेव्हा हातांना ग्रीसचा वास असायचा, आणि हात धुवायच्या आधी ते पेपरचं शेवटचं पान उघडायचे. १९९२-९३ च्या हंगामात महाराष्ट्र अंतिम फेरीत पोहोचला. सामना पंजाबशी, लुधियानात. मी तेव्हा सातवीत होतो. आकाशवाणीच्या बातम्यांत शेवटी एक वाक्य यायचं, तेवढ्यासाठी आम्ही अख्ख्या बातम्या ऐकायचो. पंजाब जिंकला, त्यांचा पहिलाच रणजी करंडक. मी रडलो. गल्लीतली पोरं मुंबईची बाजू घ्यायची, कारण मुंबईकडे गावसकर होता, वेंगसरकर होता, आणि आता तेंडुलकर आला होता. मी अब्बांना म्हटलं, मीपण मुंबईवाला होतो. अब्बा म्हणाले, "जितनेवाले के पीछू तो सबच जाते बेटा. हारनेवाले के साथ कोन रहता, वो देखना." पेपरची घडी घातली आणि ते हात धुवायला गेले.

पुढे डी.एड., बी.ए., बी.एड. करताना पुण्यात राहिलो आणि जुन्या पुस्तकांच्या नादाने या संघाचा इतिहास वाचला. तेव्हा कळलं की अब्बांचा हा हरणारा संघ एके काळी सगळ्या हिंदुस्थानात पहिला होता.

रणजी करंडक १९३४-३५ मध्ये सुरू झाला. पहिले दोन्ही करंडक मुंबईने नेले. मग नवानगर, हैदराबाद आणि बंगाल यांनी एकेक नेला. १९३९-४० मध्ये पाळी महाराष्ट्राची आली. पुण्यात संयुक्त प्रांताला, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाला, दहा गडी राखून हरवलं. पुढच्या वर्षी मद्रासला जाऊन मद्रासला हरवलं आणि करंडक राखला. कर्णधार होते प्राध्यापक दि. ब. देवधर. पुण्याच्या एस. पी. कॉलेजात ते संस्कृत शिकवत. म्हणजे आमच्याच पेशातले, भाषेचे मास्तर. १९२६ मध्ये इंग्लंडहून आलेल्या एमसीसीच्या संघाविरुद्ध त्यांनी १४८ धावा काढल्या होत्या. पण भारताला कसोटीचा दर्जा १९३२ मध्ये मिळाला तोवर ते चाळिशीला आले होते, आणि निवडणाऱ्यांनी त्यांना म्हातारं ठरवलं. एकही कसोटी त्यांच्या वाट्याला आली नाही. मग त्यांनी काय केलं? संघ बांधला. १९४०-४१ च्या हंगामात मुंबईने ६५० धावांचा डोंगर उभा केला, तर महाराष्ट्राने ६७५ केल्या. त्यात पन्नाशीला टेकलेल्या या प्राध्यापकाच्या २४६ होत्या. १९४४ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, त्यांनी एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतकं ठोकली. एकशे एक वर्षांचं आयुष्य जगून १९९३ मध्ये ते गेले. त्याच वर्षी महाराष्ट्र लुधियानात हरला होता.

या संघात दुसरा मोठा माणूस होता विजय हजारे. सांगलीचा, मराठी ख्रिस्ती घरातला. १९३९-४० मध्ये पुण्यात बडोद्याविरुद्ध त्याने नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी करंडकातलं ते पहिलं त्रिशतक. संघात नागरवाला नावाचे पारशी खेळाडूही होते. म्हणजे पुण्याचा ब्राह्मण प्राध्यापक, सांगलीचा ख्रिस्ती तरुण आणि पारशी सोबती एकाच कपड्यांत, एकाच नावाखाली खेळत होते.

यात विशेष काय, असं आज वाटेल. विशेष हे की त्याच काळात देशातली सर्वात गाजलेली स्पर्धा रणजी नव्हतीच. ती होती मुंबईची पंचरंगी. आधी चौरंगी होती, १९३७ पासून पाच संघ झाले: हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि 'द रेस्ट' म्हणजे उरलेले. तिथे माणूस कुठला आहे हे नाही, कोणत्या धर्माचा आहे हे पाहून संघ ठरायचा. गर्दी तिथेच व्हायची. रेडिओवर तल्यारखान इंग्रजीत धावतं वर्णन करायचे आणि ज्यांना इंग्रजी कळत नसे तेही कान लावून बसत.

आता देवधर आणि हजारे यांच्याकडे पाहा. रणजीत दोघे एकत्र. पंचरंगीत मात्र देवधर हिंदूंच्या कळपातले आणि हजारे 'उरलेल्यां'च्या. १९४३ च्या पंचरंगीत याच उरलेल्यांच्या संघाने हिंदूंविरुद्ध एका डावात ३८७ धावा केल्या, त्यातल्या ३०९ एकट्या हजारेच्या होत्या. या पराक्रमाचं कौतुक आपण आजही करतो. पण मला त्यातला 'उरलेले' हा शब्द टोचतो. सांगलीच्या माणसाला मुंबईच्या मैदानावर 'उरलेला' म्हणायचे, आणि पुण्याच्या मैदानावर 'महाराष्ट्र'.

डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याची काही मंडळी वर्ध्याला गांधीजींना भेटली. गांधीजींनी धर्माच्या नावावरचे हे संघ आपल्याला मान्य नाहीत असं स्पष्ट सांगितलं. स्पर्धा तरीही आणखी पाच वर्षं चालली आणि १९४६ मध्ये कायमची बंद झाली. योगायोग असा की ज्या हिवाळ्यात वर्ध्याला हा वाद चालू होता, त्याच हिवाळ्यात देवधरांचा महाराष्ट्र दुसऱ्यांदा जिंकला. प्रश्न आणि उत्तर एकाच मोसमात समोर होतं. आपण प्रश्न लक्षात ठेवला, उत्तर विसरलो.

मग हा संघ ढासळला कसा? गुणी खेळाडू संपले म्हणून नाही. खेळाडू टिकवता आले नाहीत म्हणून.

त्या काळी क्रिकेट खेळून पोट भरत नसे. खेळाडूला नोकरी लागायची आणि नोकरी द्यायचे संस्थानिक. पुण्याच्या क्रिकेटला ना राजवाडा होता ना खजिना. हजारे १९४१ नंतर बडोद्याला गेला, ज्यांच्याविरुद्ध ३१६ काढल्या होत्या त्यांच्याकडेच. चंदू सरवटे इंदूरला होळकरांच्या संघात गेले. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात बडोदा आणि होळकर समोरासमोर आले. मार्च १९४७. फाळणीला पाच महिने उरले होते. बडोद्याकडून सांगलीचा विजय हजारे आणि लाहोरचा गुल मोहम्मद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. हजारे २८८, गुल मोहम्मद ३१९. पंजाबात त्या वेळी घरं जळत होती आणि बडोद्यात ही दोन माणसं एकमेकांसाठी धाव घेत होती. गुल मोहम्मद पुढे पाकिस्तानचे झाले, त्यांच्याकडून एक कसोटीही खेळले. पण ती भागी दोघांच्या नावावर एकत्रच राहिली. रणजीत जवळपास सत्तर वर्षं ती कुणाला मोडता आली नाही. ती कुणी मोडली ते पुढे सांगतो.

महाराष्ट्राकडे मात्र जे आलं ते अर्धवटच. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनचा जागतिक विक्रम ४५२ चा होता. दहा धावा हव्या होत्या. पण काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी सामनाच सोडून दिला. प्रतिपक्षच निघून गेला तर खेळणार कुणाशी? निंबाळकर ४४३ वरच राहिले. पुढे तेही होळकर आणि मग रेल्वेकडे गेले. कसोटी त्यांनाही मिळाली नाही.

संस्थानं गेली तशा मुंबईच्या कंपन्या आणि बँका आल्या. क्रिकेट खेळणाऱ्या पोराला तिथे नोकरी मिळे. १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षं मुंबईने रणजी करंडक सोडला नाही. महाराष्ट्र त्यांच्याच पश्चिम विभागात, त्यामुळे पुढे सरकायचं तर मुंबईची भिंत पाडावी लागायची. पुण्याचे चंदू बोर्डे भारताकडून पंचावन्न कसोटी खेळले, एकदा कर्णधारही झाले, पण महाराष्ट्राला करंडक काही मिळाला नाही. १९७०-७१ मध्ये संघ अंतिम फेरीत गेला. गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर वेस्ट इंडीजमध्ये होते. सुधीर नाईकच्या नेतृत्वाखाली मुंबईची दुसरी फळी उतरली होती. याहून चांगली संधी मिळणार नव्हती. तरी मुंबईच जिंकली.

इतिहासाचा हा धडा मी वर्गातही सांगतो. घर मोठ्या माणसांनी उभं राहतं, पण चालतं ते माणसं टिकली तर.

आमच्या शाळेत, इंदापुरात, नववीत एक मुलगा आहे. वडिलांचं हायवेला पंक्चरचं दुकान आहे. मुलगा डावखुरा, चेंडू बऱ्यापैकी वेगाने टाकतो आणि तो आत आणतो. सकाळी उजनीच्या बाजूचं धुकं पळालेलं नसतं तेव्हा हा एकटाच स्टंपवर चेंडू टाकत असतो. वडील म्हणतात, दहावी झाली की दुकानावर बसव. एके दिवशी त्याने मला विचारलं, "सर, आपल्यातलं कुणी खेळलंय का तिथं?"

'आपल्यातलं' या शब्दाचे दोन अर्थ होतात. त्याला कोणता अभिप्रेत होता ते मी विचारलं नाही. दोन्ही अर्थांनी उत्तर दिलं.

मी म्हटलं, केदार जाधवचं मूळ गाव माढा तालुक्यात. आपल्या इंदापूरवरून भीमा ओलांडली की माढा. २०१३-१४ च्या रणजी हंगामात त्याने बाराशेच्या वर धावा केल्या. त्या वर्षी महाराष्ट्राने वानखेडेवर, मुंबईच्या अंगणात, मुंबईला आठ गडी राखून हरवलं. उपांत्य फेरीत बंगालला लोळवलं. हैदराबादच्या अंतिम सामन्यात कर्नाटकने सात गडी राखून हरवलं, ती गोष्ट वेगळी. त्या संघात नवा चेंडू कुणाच्या हातात होता? समद फल्लाहच्या. तोही तुझ्यासारखा डावखुरा. महाराष्ट्रासाठी वर्षानुवर्षं घाम गाळून दोनशेहून अधिक बळी घेतलेला. त्याच्या आधी औरंगाबादचा इक्बाल सिद्दिकी. २००१ मध्ये मोहालीत इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळला. दुसऱ्या डावात भारताला जिंकायला पाचच धावा हव्या होत्या, तर या गोलंदाजाला सलामीला पाठवलं. नौशाद शेख आणि अझीम काझी ही नावं तर तू मोबाईलवर पाहिलीच असशील.

आणि शेजारच्या विदर्भाचंही सांगितलं. साठ वर्षं तो संघ कुणाच्या खिजगणतीत नव्हता. पोरांना एका छताखाली ठेवून शिकवणारी अकादमी त्यांनी काढली. चंद्रकांत पंडित यांच्यासारखा कडक प्रशिक्षक आणला. मुंबईत सगळं मिळवून झालेला वासीम जाफर त्यांच्यात येऊन बसला, तरुणांना खेळता खेळता शिकवू लागला. आणि कर्णधार केला नागपूरच्याच मातीतला फैझ फझल. २०१७-१८ चा करंडक विदर्भाने जिंकला. लोक म्हणाले, नशीब. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला, कर्णधार पुन्हा फैझ. गेल्या हंगामात नागपुरात केरळला मागे टाकून तिसऱ्यांदा जिंकला. नागपूरला जेव्हा करंडक आला तेव्हा फैझ कुणाकडून आहे हे कुणी विचारलं नाही. तो विदर्भाकडून होता.

मुलगा ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे बारामतीत खेळले तर दिसतील का ते?"

दिसलेले आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर रणजीचा सामना झाला. महाराष्ट्र विरुद्ध उत्तराखंड. आमच्या गावात रणजी! मी अर्धी रजा टाकली. इंदापूरहून निघालो, निमगाव केतकी, लासुर्णे, भवानीनगर असे थांबे घेत एसटी चालली होती आणि मला ती कधी नव्हे इतकी हळू वाटत होती. मैदानावर पोहोचलो तर एका बाजूला उसाच्या बैठकीवरून आलेले शेतकरी, एका बाजूला शाळा बुडवून आलेली पोरं. कुणी 'गणपती बाप्पा' म्हणत होतं, कुणी गोलंदाजाला नुसतं 'ए भाऊ' म्हणून हाका मारत होतं. माझ्या शेजारी टोपी घातलेले एक चाचा आणि फेटा बांधलेले एक आजोबा एकाच पिशवीतले शेंगदाणे खात पायचीतचा नियम एकमेकांना समजावून सांगत होते. दोघांचाही चुकीचा होता. अब्बा तेव्हा हयात नव्हते. पण त्या दुपारी सीमारेषेजवळ क्षेत्ररक्षण करणाऱ्या पोराच्या पाठीवर 'महाराष्ट्र' हे नाव वाचताना मला त्यांच्या हाताचा ग्रीसचा वास आला.

महिनाभरात कोरोना आला. सगळं बंद झालं. पुढच्या मोसमात रणजी करंडक झालाच नाही. १९३४-३५ नंतर, दुसऱ्या महायुद्धातसुद्धा, असं कधी झालं नव्हतं.

आता या वर्षाकडे येतो.

गेला हंगाम वाईट गेला. मुंबईने नऊ गडी राखून हरवलं, गटातून आपण पुढे गेलोच नाही. केदार जाधव निवृत्त झाला. आता संघ पुन्हा उभा राहतोय. नेतृत्व अंकित बावणेकडे आहे. वर म्हटलं होतं की हजारे आणि गुल मोहम्मद यांची ५७७ ची भागी कुणी मोडली ते सांगेन. ती मोडली याच अंकितने आणि स्वप्नील गुगळेने. ऑक्टोबर २०१६, वानखेडे, दिल्लीविरुद्ध. नाबाद ५९४. स्वप्नील ३५१, अंकित २५८. रणजीच्या इतिहासात तोवर कुठल्याही गड्यासाठी एवढी मोठी भागी झाली नव्हती. तरी तो सामना अनिर्णित राहिला. आमचं असंच असतं. विक्रम होतात, विजय राहतो.

संघात ऋतुराज गायकवाड आहे, ज्याने २०२२ मध्ये एका षटकात सात षटकार मारले होते. स्पर्धेचं नाव होतं विजय हजारे करंडक, आणि त्याच्याही अंतिम सामन्यात ऋतुराजचं शतक होऊनसुद्धा आपण सौराष्ट्रकडून हरलो. मुंबईहून पृथ्वी शॉ आला आहे. वयाच्या अठराव्या वर्षी कसोटी पदार्पणात शतक करणारा, मग वाट चुकलेला, आता पंचविशीत पुन्हा पाटी कोरी करू पाहणारा. गेल्या आठवड्यात गहुंजेत मुंबईविरुद्धच्या सराव सामन्यात त्याने १८१ काढल्या, सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीने १८६. सराव सामन्यातल्या धावा हिशोबात धरत नाहीत हे मला कळतं, पण माणूस उमेदीसाठी काहीही धरून ठेवतो. केरळहून जलज सक्सेना आला आहे. अडतिशीचा अष्टपैलू, देशांतर्गत क्रिकेटमध्ये हजारो धावा आणि शेकडो बळी असूनही भारताची टोपी न मिळालेला. देवधर, निंबाळकर आणि आता जलज. आपल्या संघाला डावललेल्यांचं वावडं कधीच नव्हतं. आणि रजनीश गुरबानी आहे, विदर्भाच्या पहिल्या विजेतेपदाच्या सामन्यात हॅट्‌ट्रिक घेतलेला. एके काळी आपली माणसं बडोद्याला, इंदूरला जात होती. आता मुंबईहून, केरळहून, विदर्भातून आपल्याकडे येतायत.

पण बाहेरच्या चार माणसांनी संघ उभा राहत नाही, हेही विदर्भानेच शिकवलं. जाफरसारखे एखाद-दोनच होते. बाकीचे बहुतेक घरचे होते, अकादमीत वाढलेले होते. म्हणून माझी या हंगामाकडून अपेक्षा माफक आहे. करंडक मागत नाही. गटातून वर यावं. पहिल्या डावात आघाडी घेण्याची सवय लागावी, कारण रणजीत अर्धी लढाई तिथेच जिंकली जाते. वाईट सकाळ आली, तीन गडी लवकर गेले, तर चौथ्याने उभं राहावं. जलजने एखाद्या पोराला ऑफस्पिन शिकवून जावी. आणि गेल्या वर्षी हरलेल्या पोरांना एका हंगामात काढून टाकू नये. वर्गात नापास झालेल्या मुलाला आपण शाळेतून काढत नाही, पुढच्या बाकावर बसवतो. संघ बांधणं म्हणजे दुसरं काय असतं?

आणि एक अपेक्षा संघाकडून नाही, आपल्याकडून आहे. मुस्लिम मोहल्ल्यांतल्या पालकांना मी हात जोडून सांगतो, पोराच्या हातातला चेंडू इतक्या लवकर काढून घेऊ नका. "आपल्याला कोण घेतंय" हे वाक्य घरात बोलू नका. पोरगं ते ऐकतं आणि मैदानावर जायच्या आधीच बाद होतं. घेतलेले आहेत. समदला घेतलं, इक्बालला घेतलं, फैझच्या हातात तर संघच दिला. मैदानावर अन्याय होतच नाही असं मी म्हणणार नाही. देवधरांवरही झाला. पण त्यांनी तक्रारीतून संघ बांधला. दुसरीकडे, माझ्या सहकाऱ्यासारख्या मित्रांनाही एक सांगणं आहे. आम्हाला वर्षातून एकदा, पाकिस्तानच्या सामन्यानंतरच विचारू नका की कुणाकडून होता. ऑक्टोबरात विचारा, नोव्हेंबरात विचारा, महाराष्ट्र हरतो तेव्हा विचारा. निष्ठा जिंकणाऱ्यांच्या मिरवणुकीत दिसत नसते.

काल रविवारी त्या मुलाच्या वडिलांच्या दुकानावर गेलो होतो. मोटारसायकलचं मागचं चाक खरंच बसलं होतं, पण ते निमित्त. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहता पाहता ते म्हणाले, "सर, तुम्ही पोराला काय काय नावं सांगितली. घरी रोज घोकतंय. बघू. बारावीपर्यंत बघू." तीन वर्षं मिळाली. महाराष्ट्राने चौऱ्याऐंशी वर्षं वाट पाहिली, आम्ही तीन पाहू, इन्शाअल्लाह.

आज स्टाफरूममध्ये सहामाहीचे पेपर तपासत बसलो होतो. सहकारी समोर येऊन बसला. लाल पेन टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "सर, ते बुधवारचं किती वाजता आहे? लावून ठेवतो मोबाईलवर."

मी म्हटलं, "साडेनऊला. तिरुवनंतपुरममध्ये आहे, पाऊस नको यायला."

"आपला कॅप्टन कोण?" त्याने विचारलं.

'आपला' म्हणाला तो. मी पेपर बाजूला सारले आणि सांगायला सुरुवात केली.